भाताची मूद आणि जेली डोनट

मागच्या दिवाळी अंकात या सदरात मी भारतातून येणाऱ्या फराळाच्या पार्सलबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणींनी फोन करून 'आमच्याही चकल्यांचा भुगाच येतो' असं कळवलं. यंदाचा विषय तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात एका बंद दाराआड आहे. दार मुलांच्या खोलीचं. आतून जपानी भाषेतले संवाद ऐकू येतात, मध्येच आपलं पोर खदखदून हसतं आणि जेवायला हाक मारली की "आई, लास्ट एपिसोड!" असं उत्तर येतं.

आमच्याकडे हे तीन वर्षं चाललंय. लेक आता आठवीत आहे. वय आहे, जाईल हे वेड, असं मला वाटायचं. पण या एप्रिलमध्ये तिनं जेवताना जाहीर केलं, की सप्टेंबरपासून ती मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला येणार नाही. त्या वेळात ती जपानी शिकणार आहे. आपली आपण.

आता सांगायला हवं, की तो वर्ग मी घेते. एम.ए. मराठीत केलं, साताऱ्यात सहा वर्षं शाळेत शिकवलं, इकडे आल्यावर व्हिसामुळे नोकरी करता येईना. रविवारचे ते दोन तास हीच काय ती माझी शाळा, आणि त्या शाळेतून माझीच मुलगी नाव काढून घेत होती. मी काही बोलले नाही. त्या रात्री भांडी मात्र जरा आवाज करत लावली.

मग ठरवलं, एवढं काय आहे त्यात ते निदान आपल्या डोळ्यांनी बघावं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक, साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आणि मी, अशा तिघी वॉशिंग्टनला 'ओटाकॉन'ला गेलो. ही जपानी अ‍ॅनिमेशनच्या, म्हणजे अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची जत्रा. आमच्या ग्रीन लाइनच्या मेट्रोतच सुरुवात झाली. निळ्या केसांचे, कोल्ह्याच्या शेपटीचे, पाठीला पुठ्ठ्याची तलवार बांधलेले लोक डब्यात शांतपणे बसलेले. आवडत्या पात्राचा वेश स्वतः शिवून घालायचा, याला कॉस्प्ले म्हणतात. सासूबाई हिरवं इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या होत्या. माउंट व्हर्नन स्क्वेअरला उतरलो, तर एका निळ्या केसांच्या मुलानं कमरेत वाकून त्यांना विचारलं, "आपण कुठल्या मालिकेतल्या?" लेकीनं भाषांतर करून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "साताऱ्याची आहे म्हणावं." त्यानं फोटो काढून घेतला.

ओटाकॉन १९९४ साली पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात काहीशे लोकांनी सुरू केलं. पुढे ते बाल्टिमोरला आणि २०१७ पासून वॉशिंग्टनला आलं. आता तिथे ४० हजारांहून जास्त माणसं येतात. पॅरिसच्या 'जपान एक्स्पो'चा आकडा तर दोन लाखांच्या वर जातो. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढी मोठी जत्रा पगारी माणसं चालवत नाहीत, स्वयंसेवक चालवतात. दाराशी पट्ट्या वाटणारे, रांगा लावणारे, माइक तपासणारे, सगळे हौशी. अगदी आपल्या मंडळासारखं. फक्त उपमा कमी पडला म्हणून कुणी रुसलेलं दिसलं नाही.

जपानबाहेरच्या माणसांना हे वेड लागलं कसं, हे मी लेकीकडून आणि मग वाचून समजून घेतलं. गोष्ट मोठी रंजक आहे, आणि आपल्या कामाचीही.

ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका जपानी टीव्हीवर १ जानेवारी १९६३ ला सुरू झाली. त्याच वर्षी ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावानं अमेरिकेत दिसू लागली. पाहणाऱ्या मुलांना ती जपानी आहे याचा पत्ताही नव्हता. तो लागू नये अशीच व्यवस्था असे. नावं इंग्रजी करायची, जपानी पाट्या पुसायच्या, मारामारी आणि मरण कापायचं. 'गाचामान' ही १९७२ ची मालिका १९७८ मध्ये 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' म्हणून आली. कापलेल्या प्रसंगांची जागा भरायला त्यात एक नवाच यंत्रमानव घुसवला होता. १९८५ च्या 'रोबोटेक'मध्ये तर तीन वेगवेगळ्या मालिका जोडून एकच कथा केली. हायाओ मियाझाकींच्या 'नौसिका' या १९८४ च्या चित्रपटातून वीसएक मिनिटं गाळली आणि नायिकेचं नाव बदलून झांड्रा ठेवलं. त्याचा सल एवढा राहिला, की पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके' अमेरिकेत यायची वेळ आली तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तिथल्या वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली. सोबत निरोप : काटछाट नाही.

पण लेकीच्या वयाच्या मुलांत सर्वांत गाजलेला किस्सा आहे तो 'पोकेमॉन'चा. १९९८ मध्ये ही मालिका अमेरिकेत आली. त्यात मुलं डब्यातून ओनिगिरी काढून खातात. ओनिगिरी म्हणजे भाताची मूद, हातानं तिकोनी दाबलेली, खाली समुद्री शेवाळाची काळी पट्टी. अमेरिकन मुलांना हे काय कळणार, असं ठरवून इंग्रजी संवादात तिला 'जेली डोनट' म्हटलं गेलं. पडद्यावर स्पष्ट पांढरा भात दिसतोय आणि पात्र म्हणतंय, जेली डोनट माझे फार आवडते! पुढच्या काळात तर काही ठिकाणी मुदीवर सँडविच रंगवून टाकलं. त्या वेळची मुलं आता तिशीत आहेत, आणि ही थट्टा अजून संपलेली नाही. ओटाकॉनला एकीच्या टी-शर्टवर ओनिगिरीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'जेली डोनट'.

आपणही त्यातलेच, बरं का. माझ्या पिढीला दूरदर्शनवरचा मोगली आठवत असेल. रविवारी सकाळी अंघोळ उरकून आम्ही भावंडं टीव्हीसमोर बसायचो. गुलजारांचं शीर्षकगीत तोंडपाठ होतं. कथा एका इंग्रज लेखकाची, जंगल आपल्याकडचं, भाषा हिंदी. म्हणजे मालिका आपलीच! ती १९८९ साली जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं काढलेली होती, हे मला परवा लेकीनं सांगितलं. युरोपातल्या मुलांना तसंच 'हायडी' आपली वाटायची. आल्प्सच्या कुरणांतली ती मुलगी १९७४ मध्ये ताकाहाता आणि मियाझाकी यांच्या चमूनं जपानमध्ये चितारली होती.

मग हे बदललं कुणी? कंपन्यांनी नाही. चाहत्यांनी.

१९७७ मध्ये लॉस एंजेलिसला अ‍ॅनिमे बघणाऱ्यांचा एक क्लब निघाला. नुकते व्हिडिओ रेकॉर्डर आले होते, आणि अमेरिका व जपान दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एकच, एनटीएससी, त्यामुळे तिकडची कॅसेट इकडे चालायची. हे लोक जपानमधल्या हौशी माणसांना 'स्टार ट्रेक'सारख्या मालिका टेप करून पाठवायचे आणि बदल्यात अ‍ॅनिमे मागवायचे. जपानी कुणालाच येत नसे. एकजण कथासार वाचायचा, बाकीचे पाहायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घरगुती संगणकावरून व्हिडिओवर अक्षरं उमटवता येऊ लागली. मग दोन-चार विद्यार्थ्यांनी मिळून भाषांतर करायचं, ओळ केव्हा यावी आणि केव्हा जावी ते ठरवायचं आणि कॉपी काढून वाटायच्या, असं सुरू झालं. कोरी कॅसेट आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं की झालं. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी, चेहरे फिकट व्हायचे. तरी लोक बघायचे. पुष्कळ कॅसेटवर आधीच लिहिलेलं असे : ही विकायची नाही.

हे ऐकून आमच्या मंडळातले एक काका म्हणाले, "अगं, हेच आम्ही केलंय!" ऐंशीच्या दशकात कुणी भारतातून मराठी नाटकाची कॅसेट आणली की ती गावोगाव फिरायची. त्यात आपली अडचण जास्त, कारण भारतातली कॅसेट पाल पद्धतीची, ती इथल्या यंत्रावर दिसायची नाही. आधी ती बदलून आणायची, त्याचे पैसे वर्गणीनं काढायचे, आणि मग एका तळघरात पंचवीस माणसं तो धूसर पडदा बघत हसायची. काकांना त्या नाटकांचे संवाद अजून पाठ आहेत. त्यांच्या मुलांना मात्र मराठी येत नाही. "आम्ही बघायचो तेव्हा मुलांना वरच्या मजल्यावर खेळायला पाठवायचो," काका म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले.

चाहत्यांच्या त्या कॅसेटींनी एक आग्रह रुजवला. आम्हाला मूळ आवाज हवा, मूळ नावं हवीत, आणि मूद ही मूदच हवी. काही शब्दांचं तर ते भाषांतरच करायचे नाहीत, कोपऱ्यात टीप द्यायचे. हळूहळू बाजार त्यांच्या मागे आला. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं, 'द बॉय अँड द हेरॉन'ला २०२४ मध्ये. २००६ मध्ये बर्कलीच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली क्रंचीरोल ही सेवा आधी चाहत्यांनी विनापरवाना चढवलेल्या भागांवर चालली, पुढे रीतसर हक्क घेऊन जपानबरोबरच भाग दाखवू लागली, आणि २०२१ मध्ये सोनीनं ती सुमारे ११७ कोटी डॉलरना घेतली. गेल्या वर्षी सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा नवा चित्रपट अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीन दिवसांतच ७ कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला. आमच्या गावच्या थिएटरातही तो जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं, असा हाउसफुल्ल होता.

म्हणजे ज्या अमेरिकन मुलांना 'भात' झेपणार नाही असं मोठ्यांना वाटलं होतं, ती मुलं आता भाषेसकट सगळं मागून घेतात.

ओटाकॉनला दुपारी आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर डबा खायला बसलो. शेजारी एक गोरी मुलगी होती, विशीतली. तिनं हात जोडून "इतादाकिमासु" म्हटलं आणि ओनिगिरी खायला घेतली. आमच्या डब्याकडे बघून तिनं विचारलं, "हे काय आहे?" मी झटकन म्हणाले, "सेव्हरी पॅनकेक." ती हसून "नाइस" म्हणाली आणि विषय संपला.

लेक माझ्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आई, थालीपीठ आहे ते. तू पण जेली डोनट करतेस."

मला घास गिळवेना. कारण ते एका थालीपिठापुरतं नव्हतं. ती दुसरीत असताना शाळेच्या कार्यक्रमाला मी पुरणपोळ्या नेल्या होत्या आणि पुढ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं, 'स्वीट टॉर्टिया'. आमटीला सूप म्हटलं. तिच्या चार अक्षरी नावाची शिक्षकांच्या सोयीसाठी दोन अक्षरं मीच केली. मराठीची एम.ए. मी! लोकांना कळणार नाही असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. आणि मग रविवारी त्याच मुलीला समोर बसवून सांगत होते, की आपल्या भाषेचा अभिमान बाळग.

परत जाताना तिनं मला जपानी अक्षरांचा तक्ता दाखवला. अ, इ, उ, ए, ओ. का, की, कु, के, को. मी बघतच राहिले. "हे सोपं गेलं मला," ती म्हणाली, "बाराखडीच आहे ना." खरंच तशी आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी जपानला गेली आणि तिच्या वर्णमालेवरून तिथल्या अक्षरांचा क्रम बसला. आपले वर्ग घशापासून ओठांकडे येतात तसेच त्यांचेही येतात. त्यांच्या 'ह'च्या ओळीचा उच्चार फार पूर्वी 'प' होता, म्हणून ती 'म'च्या आधी आहे. म्हणजे माझा रविवार अगदीच वाया गेला नव्हता तर.

इथे आयांसाठी दोन शब्द. अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून, हा समज सोडा. त्यात बालवाडीपासून फक्त मोठ्यांपर्यंत सगळं आहे. ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा युद्धात सापडलेल्या दोन भावंडांचा चित्रपट फार थोर आहे, पण चित्रं गोड दिसतात म्हणून सहा वर्षांच्या मुलासमोर लावू नका. वयाची खूण बघा, पहिला भाग मुलांबरोबर बसून बघा. आणि चोरून बघू देऊ नका. पूर्वी विकत मिळत नव्हतं, आता मिळतं. ही चित्रं काढणाऱ्या तरुण कलावंतांना जपानमध्ये फार तुटपुंजे पैसे मिळतात, निदान वर्गणी तरी आपण भरावी.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर 'माय नेबर तोतोरो'पासून. १९८८ चा, मियाझाकींचाच. आम्ही तो ओटाकॉनहून आल्यावर त्याच आठवड्यात लावला. पंधरा मिनिटांत सासूबाई म्हणाल्या, "मला ती खालची इंग्रजी अक्षरं पुरत नाहीत गं. तू सांग." त्या हे माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, नातीकडे बघून म्हणाल्या.

मग नात आजीला जपानी चित्रपट मराठीत सांगू लागली. आधी अडखळत, मध्ये मध्ये थांबवत. दोघी बहिणी जुन्या घरात राहायला येतात, तिथे अंधारात काळे केसाळ गोळे पळतात, ते कसे सांगायचे? "सूट... आई, सूटला काय म्हणतात?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काजळी. आमच्या चुलीवरच्या भिंतीला असायची की! रिकाम्या घरात तर हमखास." आणि पडद्यावरची शेजारची म्हातारी नेमकं तेच सांगत होती, की लहानपणी मलाही ती दिसायची. दोघी आज्या एकदम बोलल्या आणि लेक हसून हसून सोफ्यावरून घसरली. मग कापराचं झाड आलं, मक्याचं कणीस आलं. पावसात वाटेवरच्या देवाला नमस्कार करून त्याच्या छपराखाली उभ्या राहिलेल्या बहिणी आल्या, तेव्हा सासूबाईंचे हात आपोआप जुळले. दीड तासाचा चित्रपट आम्ही तीन तास बघितला. मी वर्गात तीन महिन्यांत शिकवले नसते एवढे शब्द त्या रात्री वापरले गेले. एकही पाठ करायला दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेक सायकल घेऊन निघाली आणि नेहमीसारखी दारातून ओरडली, "इत्तेकिमासु!" सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे बाय नाही. म्हणजे... मी जाऊन परत येते, असं. घरातून निघताना म्हणायचं. इंग्लिशमध्ये नाहीये ते, म्हणून सबटायटलवाले नुसतं 'सी यू' लिहितात."

"मग 'येते' म्हण की," सासूबाई म्हणाल्या. "आपण कधी 'जाते' म्हणतो का?"

लेक दारातच थांबली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं. आयुष्यभर मी 'येते' म्हणून घराबाहेर पडले, पण वर्गात हा शब्द कधी शिकवला नाही. तिथे आम्ही विभक्तीचे प्रत्यय करत होतो.

सप्टेंबरपासून वर्गात मी थोडा बदल केला आहे. शुद्धलेखन कमी केलं. एक गोष्ट सांगते आणि ऐन मोक्याला थांबवते. गेल्या आठवड्यात दोन मुलांनी बुधवारीच फोन करून 'पुढे काय झालं' म्हणून विचारलं, तेही मराठीत, मोडक्यातोडक्या. लेक वर्गाला येत नाही. तिनं सांगितलं ते केलं, आणि मी ते मान्य केलं आहे. रविवारी सकाळी ती जपानी करते. रात्री आजीला फोनवर एकेका चित्रपटाची गोष्ट सांगते. शब्द अडला की स्वयंपाकघरात येऊन विचारते. मी हातातलं काम ठेवून सांगते.

शाळेत या वर्षी तिनं आपलं नाव चारही अक्षरांनी लिहायला सुरुवात केली आहे. शिक्षकांना दोन दिवस लागले. मग जमलं.

सासूबाई गणपतीच्या आधी परत गेल्या. डलेस विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिरताना त्या वळल्या आणि म्हणाल्या, "येते गं."

लेक सवयीनं म्हणाली, "इत्तेराश्शाई." मग स्वतःच थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे... ये, आजी. लवकर ये."